आईला दाराबाहेर बसवणारी थेरपी

मुंबईतल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या एखाद्या थेरपी सेंटरवर संध्याकाळी साडेपाच-सहाला गेलं, तर बऱ्याच ठिकाणी एकच दृश्य दिसतं. दाराशी चपलांचा ढीग, अरुंद पॅसेजमध्ये चार-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर दप्तर, पाण्याची बाटली नि डबा मांडीवर घेऊन बसलेल्या आया, एखाद्या नातवाबरोबर आलेले आजोबा. खोलीचं दार बंद. आतून रडण्याचा आवाज वाढला की एक आई उठते, दारापर्यंत जाते, कान देते आणि परत येऊन बसते. पाऊण तासाने दार उघडतं. टीचर म्हणतात, "आज छान बसला," किंवा "आज जरा त्रास दिला." फी दिली जाते आणि मायलेकरं परतीच्या लोकलला लागतात.

स्वमग्न मूल डोकं आपटत असेल, चावत असेल, वस्तू फेकत असेल किंवा हात सोडून रस्त्यावर पळत असेल, तर त्याच्या बाबतीत ही पद्धत चालू राहू देणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. वर्तनोपचारांवर (बिहेविअर थेरपीवर) माझा राग नाही. ते नीट केले तर उपयोगी पडतात, आणि नीट करणं म्हणजे काय हे गेली चाळीस वर्षं माहीत आहे. पण त्यातला जो भाग खरोखर काम करतो, तो बंद खोलीत, आईच्या गैरहजेरीत होत नाही. साधा हिशेब बघा. आठवड्याचे तास 168. मूल रोज दहा तास झोपतं असं धरलं (अनेक स्वमग्न मुलं तेवढी झोपत नाहीत), तर जागेपणाचे तास 98. पाऊण तासाची दोन सेशन म्हणजे दीड तास. उरलेले साडेशहाण्णव तास मूल ज्यांच्याजवळ असतं, त्यांना खोलीबाहेर बसवून आपण त्याचं वागणं बदलणार आहोत का?

मूल डोकं का आपटतं? 'त्याला ऑटिझम आहे म्हणून' हे या प्रश्नाचं उत्तर नाही. ऑटिझम असलेली कितीतरी मुलं कधीच डोकं आपटत नाहीत, आणि आपटणारं मूलही दिवसभर आपटत नाही. ते ठरावीक वेळी, ठरावीक प्रसंगी आपटतं, आणि त्यानंतर काहीतरी घडतं. कुणीतरी धावत येतं. पुढ्यातला अभ्यास बाजूला होतो. हवा असलेला मोबाइल हातात येतो. किंवा बाहेरचं काहीच बदलत नाही, पण त्या आघाताने शरीरातली एखादी कळ किंवा अस्वस्थता क्षणभर दबते. बोलता न येणाऱ्या किंवा ऐन वेळी शब्द न सापडणाऱ्या मुलासाठी हे वागणं म्हणजे त्याच्याकडे असलेलं एकमेव साधन असतं, आणि ते चालतं म्हणूनच टिकतं.

अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हे पद्धतशीर तपासून दाखवलं. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवलं. एकीत इजा केली की माणूस काळजीने बोलायचा. दुसरीत इजा केली की दिलेलं काम थांबायचं. तिसरीत मूल एकटं, चौथीत खेळणीही आणि सोबतही. बाहेरून सारखंच दिसणारं वर्तन बहुतेक मुलांत वेगवेगळ्या परिस्थितीत उसळलं. म्हणजे 'डोकं आपटणं' या तक्रारीवर एकच एक उपाय असूच शकत नाही.

आणि इथेच आपल्याकडे सर्वात मोठी गफलत होते. मुलाने पेन्सिल फेकली, टेबल ढकललं की त्याला कोपऱ्यात किंवा खोलीबाहेर बसवायचं. याला 'टाइम-आउट' म्हणतात आणि पालकांनाही तो घरी करायला सांगतात. पण मूल जर लिहिणं टाळण्यासाठीच टेबल ढकलत असेल, तर कोपरा हे त्याचं बक्षीस झालं. उद्या ते आणखी लवकर ढकलेल. उलट जे मूल लक्ष वेधण्यासाठी ओरडतंय, त्याला प्रत्येक वेळी जवळ बसवून "असं करायचं नसतं बाळा" म्हणून दोन मिनिटं समजावलं, तर त्याला नेमकं हवं होतं तेच मिळालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष मुलाचा नसतो, त्या टीचरच्या कष्टांचाही नसतो. कारण शोधण्याची पायरीच गाळलेली असते.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे आणि ती डॉक्टरांची आहे. वर्तन अचानक सुरू झालं किंवा चार-आठ दिवसांत एकदम वाढलं, तर आधी शरीर तपासायचं: कान, दाढा, घसा, पोट. बद्धकोष्ठ हे फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे, कारण ही मुलं खाण्यात निवडक असतात. निव्वळ भात, बिस्किटं आणि दुधावर असलेल्या मुलाला चार दिवस शौचाला झालेलं नसतं, आणि ते पोट दुखतंय असं सांगू शकत नाही. ते हात चावतं. आकडी, अपुरी झोप, मुलींच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस, हेही पाहायचं. कानावर सतत थापा मारणाऱ्या मुलाचा कान तपासल्याशिवाय त्याच्यासाठी वर्तनाचा कार्यक्रम आखणं हा अन्याय आहे.

शरीर तपासून झालं की वही लागते. साधी आडव्या रेघांची, चार रकान्यांची: वेळ, त्याआधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर काय घडलं. 'चिडला', 'हट्ट केला', 'मूड नव्हता' असलं काही लिहायचं नाही. हे आपलं मत झालं. 'उजव्या हाताने कपाळावर तीन वेळा मारलं' असं लिहायचं. 'आधी' या रकान्यात शेवटच्या एक-दोन मिनिटांत काय झालं ते हवं: कोण खोलीत आलं, कोण गेलं, कुठला आवाज झाला, काय मागितलं गेलं, काय काढून घेतलं. सात दिवस, जमलं तर दहा. या काळात नवं काही करायचं नाही, नेहमीसारखंच वागायचं. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. प्रत्येक वेळी वही उघडणं शक्य नसतं. तेव्हा राजम्याचे दाणे एका वाटीत ठेवायचे, वर्तन घडलं की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा आणि रात्री मोजायचे. रडणं-ओरडणं लांबत जाणारं असेल तर दाणे कामाचे नाहीत. तिथे मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मिनिटं लिहायची. हे सगळं घरच्यांनीच करायचं असतं, कारण वर्तन घरी घडतं.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा भांडुपच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. सात वर्षांचा मुलगा, दोन-चार शब्द बोलणारा. वहीत असं दिसतं की आठवड्यातल्या एकवीस नोंदींपैकी सतरा नोंदी संध्याकाळी सहा ते सातच्या आहेत. त्या वेळी पाणी येतं. खाली पंप सुरू होतो, आई पिंप आणि कळशा भरायला मोरीत असते, शेजारचा दरवाजा सतत वाजत असतो. मुलगा आधी कानांवर हात ठेवतो, मग मोरीच्या दारापाशी येतो, मग भिंतीवर डोकं आपटतो. आई ओल्या हातांनी धावत येते, त्याला उचलते, हातात मोबाइल देते. शांतता. पाणी जाईल म्हणून ती परत मोरीत.

सेंटरवरच्या खोलीत यातलं काहीच नसतं. पंप नाही, पाणी नाही, मोरी नाही. तिथे मुलगा 'छान बसतो', आणि टीचर प्रामाणिकपणे सांगतात, "आमच्याकडे तर करत नाही." हे वाक्य ऐकून आई मात्र स्वतःला दोष देत घरी येते.

वही वाचली तर काम दोन बाजूंनी करायचं आहे हे दिसतं. पहिली बाजू म्हणजे आधीची परिस्थिती सैल करणं. पावणेसहाला त्याचं खाणं उरकायचं. कान झाकणारे हेडफोन पंप सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी घालायचे, नंतर नाही; आणि ते घालायची सवय दुपारच्या शांत वेळी एक-दोन मिनिटांपासून लावायची. भिंतीवर तीन चित्रं: नळ, मोबाइल, जेवण. पाण्यानंतर काय आहे ते त्याला दिसलं पाहिजे. शिवाय साडेपाच ते सहामध्ये आईने न मागता पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसायचं. भुकेलं मूल आणि आईसाठी आसुसलेलं मूल, दोघंही लवकर पेटतात.

दुसरी बाजू म्हणजे डोकं आपटण्याच्या जागी काहीतरी देणं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 मध्ये चार मुलांवर केलेला प्रयोग यासाठी पायाभूत मानला जातो. ज्याला लक्ष हवं होतं त्याला 'माझं काम बरोबर आहे का?' असं विचारायला शिकवलं, ज्याला काम अवघड जात होतं त्याला 'मला कळत नाही' म्हणायला. वर्तन झपाट्याने कमी झालं. पण त्याच मुलांना त्यांच्या कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा फरक पडला नाही. नुसतं बोलायला शिकवून भागत नाही, नेमकं ते बोलायला शिकवावं लागतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलाला 'आई ये' हवं आहे. त्यासाठी तळहाताएवढं एक कार्ड पुरतं: आईचा फोटो, खाली ठळक अक्षरात 'ये', वरून रुंद सेलोटेप. ते दोरीने मोरीच्या दाराला, मुलाच्या छातीच्या उंचीवर. पहिले चार-पाच दिवस हे शिकवायचं दुपारी, पाणी नसताना. आई दोन पावलांवर उभी. दुसरं कुणीतरी, आजी किंवा ताई, मुलाच्या मागे बसून त्याचा हात धरून कार्ड आईकडे द्यायला लावते. मागच्या माणसाने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "दे, कार्ड दे" असं बोलत राहिलं तर मूल त्या बोलण्याची वाट बघायला शिकतं. कार्ड हातात पडताच दोन सेकंदांच्या आत आईने "ये? आले!" म्हणून जवळ घ्यायचं. एका बैठकीत दहा वेळा, दिवसातून दोन बैठका. हाताचा आधार हळूहळू मनगट, कोपर, खांदा असा मागे न्यायचा. एकट्याने दहापैकी आठ वेळा द्यायला लागला की मगच ते पाण्याच्या वेळेला आणायचं. तेव्हा सुरुवातीला प्रत्येक वेळी जायचं, अगदी कळशी अर्धवट टाकूनसुद्धा. आठवडाभर ते स्थिर झालं की 'थांब' शिकवायचं: पाच सेकंद, मग दहा, मग वीस, मग एक कळशी भरेपर्यंत. हेडफोन, खाणं नि सोबत यांनी आवाजाचा नि भुकेचा भाग सांभाळला जातो, आणि कार्डाने आईला बोलावण्याचा.

बिघडतं ते फार साध्या गोष्टींनी. पसारा नको म्हणून कार्ड कपाटावर ठेवलं जातं. आजी प्रेमानेच म्हणते, "आधी तोंडाने बोल, मग देईन," आणि नुकतं उगवलेलं मागणं तिथेच करपतं. (कार्डामुळे बोलणं मागे पडतं ही भीती घरोघरी आहे. चित्रं किंवा उपकरणं वापरल्याने वाचा खुंटते असं संशोधनात दिसलेलं नाही, काही मुलांत ती वाढलेलीच दिसते.) मूल दिवसातून साठ वेळा कार्ड देतं म्हणून वैतागून कार्ड काढून टाकलं जातं, खरं तर साठ वेळा मागणं हे यश आहे, तिथून 'थांब' शिकवायचं असतं. आणि सर्वात घातक: दोन दिवस घरचे जिद्दीने दुर्लक्ष करतात, तिसऱ्या दिवशी आरडाओरडा वीस मिनिटं चालतो, वरच्या मजल्यावरून दार ठोठावलं जातं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, आणि बाबा मोबाइल देतात. मूल यातून शिकतं की पाच मिनिटं पुरत नाहीत, वीस लागतात. जुनी सवय सुटण्याआधी ती काही दिवस भडकते; हे आधी सांगितलं नाही तर कुठलंही घर त्या भडक्यात हार मानेल. म्हणून शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवणं हा योजनेचा भाग आहे. 'पुढचे दोन आठवडे आवाज येईल, मुलाला कुणी मारत नाहीये' एवढं एक वाक्य पुरतं. डोकं आपटणं, डोळ्यात बोट घालणं, जोरात चावणं यांवर घरी 'दुर्लक्ष करा' हा सल्ला मात्र कुणी देऊ नये. तिथे भिंतीशी उशी किंवा जाड सतरंजी, आणि न बोलता, नजर न भिडवता, फक्त इजा अडवणारा हात.

दोन-तीन आठवड्यांनी वाट्यांमधले दाणे पुन्हा मोजायचे आणि चौकटीच्या कागदावर ठिपके मांडायचे. रेघ खाली आली नसेल तर योजना चुकली. मूल चुकलेलं नसतं. कारण पुन्हा शोधायचं.

एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की यात महागडं काहीच नाही, आणि यातलं जवळजवळ सगळं घरच्यांच्या हातात आहे. हे नुसतं मत नाही. अमेरिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 3 ते 7 वर्षांच्या 180 स्वमग्न मुलांच्या पालकांचे दोन गट केले. एका गटाला ऑटिझमविषयी चांगली माहिती दिली, दुसऱ्याला वर्तन हाताळण्याची प्रत्यक्ष तालीम. 24 आठवड्यांनी चिडचिड-आक्रमकतेचा गुणांक माहिती मिळालेल्या गटात 31.8 टक्क्यांनी, तालीम मिळालेल्या गटात 47.7 टक्क्यांनी उतरला. हे गुण पालकांनीच दिलेले होते, ही त्यातली मर्यादा मान्य. पण नुसत्या माहितीनेही जवळजवळ एक तृतीयांश फरक पडावा, हेच आपल्याकडच्या पॅसेजमधल्या खुर्च्यांबद्दल पुरेसं बोलतं. आणि 'आपल्याकडे हे जमणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी: गोव्यात आणि रावळपिंडीत 65 मुलांच्या कुटुंबांबरोबर झालेल्या चाचणीत (2016) विशेष पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण नि देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची तालीम दिली. पालकांचा प्रतिसाद आणि मुलांनी आपणहून सुरू केलेला संवाद, दोन्ही वाढले. ती चाचणी संवादाची होती, आक्रमकतेची नव्हे. तरी साध्या घरातली साधी आई हे शिकू शकते, हे तिने दाखवलं.

भाषेचाही प्रश्न आहे आणि मुंबईत तो टोकाचा आहे. घरात मराठी किंवा कोकणी, शेजारी हिंदी, सेंटरवर "सिट डाउन", "क्वाएट हँड्स", "गुड वेटिंग". मूल 'वॉटर' म्हणायला शिकतं आणि गावाहून आलेल्या आजीला ते कळत नाही. मुलाने घरात जो शब्द वापरायचा आहे तोच शब्द कार्डावर हवा: दे, नको, ये, बस झालं, शी, दुखतंय. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांतून बोलायला मदत करणारं मोफत ॲप आहे. फोन हाताशी असेल तिथे असं साधन वापरावं, नसेल तिथे पुठ्ठा.

वर्तनोपचारांवर ज्यांचा सर्वात जास्त राग आहे, ते आहेत लहानपणी हे उपचार घेतलेले स्वमग्न प्रौढ. त्यांचं म्हणणं आपण गंभीरपणे ऐकलं पाहिजे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांचा 1987 चा अभ्यास जगभर गाजला: आठवड्याला 40 तास, 19 मुलं, त्यांतली 9 सामान्य शाळेत सामान्य बुद्ध्यांकाने टिकली. आजही सेंटरं त्याच आकड्यावर '40 तास' विकतात. त्या उपचारात मोठ्याने 'नो' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हाही भाग होता, आणि मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, हे मात्र सांगितलं जात नाही. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी संस्थेत तर स्वमग्न व्यक्तींना विजेचे झटके देण्याचा प्रकार एकविसाव्या शतकातही चालू राहिला. हा इतिहास माहीत असेल तर 'मुलाला शिस्त लावतो, तुम्ही बाहेर बसा' या वाक्याने अंगावर काटा यायला हवा. ज्या मुलाला झालेलं सांगता येत नाही, त्याच्यासाठी बंद दार ही सगळ्यात धोक्याची जागा आहे.

त्या प्रौढांचा दुसरा आक्षेप हात फडफडवणं, गोल फिरणं, डोलणं थांबवण्याला आहे. तो पूर्ण बरोबर आहे. त्याने कुणाला इजा होत नाही, मुलाला मात्र आधार मिळतो. 'लोक बघतात' हे उपचाराचं कारण होऊ शकत नाही. दादरच्या पुलावर हात फडफडवणारं मूल आणि दादरच्या पुलावर हात सोडून पळणारं मूल यांत फरक करता आला पाहिजे. पळणाऱ्या मुलाच्या जिवाला धोका आहे, तिथे काम करायचं; फडफडवणाऱ्याला फडफडवू द्यायचं.

औषधांची गरज काही मुलांना असते, आणि ती घेणं म्हणजे पालकांची हार नाही. रिस्पेरिडोनला अमेरिकेत 2006 मध्ये 5 ते 16 वयाच्या स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी मान्यता मिळाली, ॲरिपिप्राझोलला 2009 मध्ये 6 ते 17 वयासाठी. ही औषधं ऑटिझमवरची नाहीत. त्यांनी भूक आणि वजन वाढतं, गुंगी येते. वजन आणि रक्तातली साखर तपासत राहावं लागतं. कारण न शोधता सुरू केलेलं औषध मुलाचं मागणं दाबतं, आणि मागण्याचा दुसरा मार्ग शिकवायचा राहून जातो.

आता सरकारच्या वाट्याचं. भारतीय पुनर्वास परिषद जे 16 व्यवसाय-वर्ग नोंदवते, त्यांत 'बिहेविअर थेरपिस्ट' नावाचा वर्गच नाही. मानसतज्ज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. पण पाटीवर 'बिहेविअर थेरपी' लिहायला कुणाचीही आडकाठी नाही. अमेरिकेतलं जे मंडळ या क्षेत्रातली प्रमाणपत्रं देतं, त्याने 2023 पासून भारतासह बहुतेक देशांतल्या नव्या उमेदवारांना दार बंद केलं. त्या मंडळाच्या सर्वात खालच्या पायरीलाही 40 तासांचं प्रशिक्षण आणि नंतर कामाच्या किमान 5 टक्के तासांवर वरिष्ठांची देखरेख लागते. इथे पंधरा दिवस बघून शिकलेली मुलगी बारा-बारा सेशन एकटीने घेते, तुटपुंज्या पगारावर, आणि एखादा मुलगा चावला तर काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. तिच्यावरही हा अन्यायच आहे.

कायदा मात्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने ऑटिझमला 21 प्रकारांत स्थान दिलं. त्याच्या कलम 50 नुसार दिव्यांगांसाठी शिक्षण, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणारी खासगी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. उल्लंघनाला कलम 89 खाली पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने मुंबईतल्या थेरपी सेंटरांची यादी करावी आणि नोंदणीसाठी तीन अटी घालाव्यात. वर्तनावर काम करायच्या आधी कारणाची लेखी नोंद, पालकांच्या भाषेत, त्यांच्या सहीसह. पालकांना आत बसायचा किंवा काचेतून, कॅमेऱ्यातून कधीही बघायचा हक्क. शारीरिक शिक्षा, कोंडणं आणि खायला न देणं यांवर लेखी बंदी. शाळेत मारायला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने 2010 पासूनच मनाई आहे. शाळेत न टिकलेलं मूल ज्या सेंटरवर जातं, तिथे ती मनाई लिहून ठेवायला नको का?

यावर सेंटर चालवणाऱ्यांचं एक म्हणणं रास्त आहे: काही मुलं आई दिसली की काम करत नाहीत. खरं आहे. पण आई दिसल्यावर मूल काम का करत नाही, हीच तर वहीत लिहायची गोष्ट आहे. अशा मुलासाठी पहिली तीस मिनिटं आई काचेमागे आणि शेवटची पंधरा मिनिटं आई आत, टीचर मागे, अशी विभागणी करता येते. आईच्या हातून जे जमत नाही ते त्या पंधरा मिनिटांत दिसतं. दुसरं म्हणणं वेळेचं असतं, की पालकच उत्सुक नसतात. डोंबिवलीहून डब्यात उभं राहून आलेल्या, रात्री आठला परत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईने खुर्चीवर डोळे मिटले, तर तो निरुत्साह नाही. तिला पाऊण तास विश्रांती हवी असेल तर तीही मिळावी. पण मग बाबांना शनिवारी बोलवा, आजोबांना बोलवा. घरातलं कुणीतरी एक आत हवंच.

पैशांचंही हेच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे, पण ते पैसे खर्चाच्या बिलावर मिळतात. महापालिकेने आपल्या रुग्णालयांतल्या बालविकास केंद्रांमार्फत प्रत्येक कुटुंबाला बारा सत्रांची पालक-तालीम मराठी, हिंदी, उर्दूतून मोफत द्यावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, प्रशिक्षित माणसं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अनुभवी लोक लागतात. मूल चार-पाच वर्षांचं असताना हे व्हायला हवं. चार वर्षांच्या मुलाला आई उचलून बाजूला नेते. तेच मूल चौदाचं झालं की त्याच्या हाताची ताकद तिच्यापेक्षा जास्त असते, आणि तेव्हा दिव्यांग डब्यातून प्रवास करणंसुद्धा तिला अशक्य होऊन बसतं.

त्या बारा सत्रांतली किमान चार घरी व्हावीत. आणि घरी यायचं ते सकाळी अकराला, सगळं आवरलेलं असताना, मूल झोपेतून उठून ताजं असताना नाही. थेरपिस्टने यावं तर पाणी येण्याच्या वेळेला यावं.